खीर न खाल्लेल्यांचा आजार

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, की अन्नातून आजार पसरला तर गावात किती जण आजारी पडले त्याचा दर काढतात, तसा तुमच्याकडे कुणी कधी काढलाय का. तुझ्या कॉलेजात आता तो धडा चालू आहे म्हणालीस. तुझा भाऊ मागून हसला. त्याला वाटलं असेल, आजीने आयुष्यभर पोरांना इंग्रजी काळ शिकवले, तिला असले दर कुठले माहीत असणार?

मी काढलाय. परातीत, गव्हाचे आणि तुरीचे दाणे मांडून. त्या वेळी हे फोनवर सांगता आलं नाही, कारण तुमची धाकटी आजी, म्हणजे माझी जाऊ, माझ्या शेजारीच शेंगा फोडत बसली होती आणि ही गोष्ट तिच्या खिरीची आहे. म्हणून लिहून पाठवते. तुझ्या भावालाही वाचून दाखव. मराठी वाचायचा त्याला कंटाळा येतो, पण ह्यात जुलाब आहेत, तेव्हा तो ऐकेल.

वैशाख पौर्णिमेला आपल्या विहारात खीर होते, ती जाऊच करते. तांदूळ, दूध, गूळ, वेलदोडे आणि चुलीवरची ती मोठी डेग. पहाटेपासून लाकडी चाटू तिच्या हातात असतो. मध्येच दुसरी कुणी ढवळायला गेली तर ती नाही म्हणत नाही, नुसती बघते. त्या बघण्यानेच समोरची चाटू परत देते. खीर झाली की लगेच पंगत बसते आणि वाटी हातात धरवत नाही इतकी गरम खीर लोक फुंकर घालून खातात. आपल्या वस्तीची सगळी माणसं असतात, मोहल्ल्यातली चार घरं येतात, रस्त्याच्या कामावरचे मजूर येतात. वरच्या गल्लीतलं कुणी येत नाही. तिथल्या बाया एरवी जावेबरोबर खुरपायला जातात, बायकांच्या बचत संघाच्या बैठकीला एका सतरंजीवर बसतात, आता तर चहाही घेतात. पण विहाराच्या पंगतीत, चार लोकांच्या डोळ्यांसमोर मांडी घालून बसणं, ते अजून जमत नव्हतं. मी मागच्या वर्षाचं सांगतेय.

मागच्या वर्षी पौर्णिमा छान झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्या गावची आशा कार्यकर्ती मीठ-साखरेच्या पावडरीची पाकिटं घेऊन वरच्या गल्लीत पळताना दिसली. ओकाऱ्या, जुलाब, पोटात कळा. एकीला तर मन्नाएखेळ्ळीच्या रस्त्याने रिक्षात घालून दवाखान्यात सलाईन लावायला न्यावं लागलं. कुणाच्या जिवाला धोका झाला नाही, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला तुम्ही मोकळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात निकाल लागलेला होता: विहारातल्या खिरीनं गाव आजारी पडलं. हे सांगणारे त्याच दमात हेही सांगायचे, की आमच्या घरातल्या कुणी त्या खिरीला बोट लावलं नाही.

विहार समितीचा अध्यक्ष म्हणजे जावेचाच थोरला मुलगा. तो घरी येऊन म्हणाला, पुढच्या वर्षीपासून खीर बंद. बिस्किटाचे पुडे वाटू, कंपनीचं सील असतं, कुणाचं नाव घ्यायला नको. आईकडे न बघता म्हणाला. दरवर्षी जाऊ ती डेग घासून, उन्हात वाळवून, आतून तेलाचा हात फिरवून माळ्यावर चढवते. त्या दिवशी तिने ती नुसती घासली, न्हाणीमागे नेऊन पालथी घातली आणि वर सरपण रचलं. तुमची धाकटी आजी रडत नाही, भांडी पालथी घालते. मला कळलं, की हिने ठरवलं तर पुन्हा चाटू धरायची नाही, आणि बिस्किटाच्या पुड्याला ती कधी हातही लावायची नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, म्हैसूरकडचा, त्याला मराठी येत नव्हतं. मी त्याच्याशी कन्नडमध्ये बोलले, अडलं तिथे इंग्रजीत. तो म्हणाला, वर कारण कळवावं लागतं, आणि सगळेच खीर म्हणताहेत. पण माणूस रीतीचा होता. पुढे म्हणाला, ज्यांनी खाल्ली त्यांतले किती आजारी पडले आणि ज्यांनी नाही खाल्ली त्यांतले किती, हे कुणी आणून दिलं तर मी त्याप्रमाणे लिहीन. आशा कार्यकर्तीच्या मोबाइलवर ते भरायची सोय होती, पण तिला दारातच पाणी देऊन वाटेला लावत होते. मी म्हटलं, मी येते बरोबर. त्या गल्लीतल्या निम्म्या कर्त्या माणसांचे कान मी शाळेत पिळलेले आहेत.

मग आम्ही दोघी भर उन्हात घरोघर फिरलो. पहिली अडचण ही, की वरच्या गल्लीत कुणाचं पोटच बिघडलेलं नव्हतं. सगळ्यांना ऊन लागलं होतं. ऊन लागणं हा प्रतिष्ठित आजार आहे, त्यात कुणाच्या स्वयंपाकाचा संबंध येत नाही. एका म्हातारीला तर ऊन लागलेलं, जी उन्हाळाभर माजघरातून बाहेर आलेली नव्हती. डॉक्टरने सांगितलं होतं, दिवसातून तीनदा किंवा जास्त वेळा पातळ झालं असेल त्यालाच आजारी धरा. म्हणून मी नेमाने विचारायचे, किती वेळा. एक जण म्हणाली, "मोजायला कुठं सवड हुती, बाई? बसायचं तेवढंच काम हुतं."

उलट खालच्या अंगाला एक गृहस्थ आपण होऊन पुढे आले आणि आपल्याला फार त्रास झाला म्हणून सांगायला लागले. ह्यांचं पोट लग्नापासून बिघडलेलं आहे आणि त्याला कारण स्टँडवरची मिरची-भजी आहेत, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यांना मी धरलं नाही. त्यांना वाईट वाटलं.

घरी येऊन मी परात घेतली आणि बोटाने मधोमध दोन रेघा मारल्यासारखे चार कोपरे केले. बरा असेल तो गहू, आजारी असेल तो तुरीचा दाणा. अलीकडे खीर खाल्लेले, पलीकडे न खाल्लेले. आशा नाव न घेता एकेक घर सांगत गेली आणि मी दाणे टाकत गेले. सगळं मांडून झाल्यावर बघितलं, तर खीर खाल्लेल्यांच्या बाजूला गहूच गहू. तूर जवळजवळ सगळी न खाल्लेल्यांच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी आशाला घेऊन जाऊन मी ते डॉक्टरला तोंडी सांगितलं. त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, ह्या हिशेबाने आजार टाळायचा असेल तर उरलेल्या गावाला ताबडतोब खीर खाऊ घालावी लागेल. मग आम्ही तिघंही हसलो, पण त्याने एक प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात बसला. पंगतीतल्यांना बाधायची असती तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत बाधली असती, मग हे सगळे दुसऱ्या दिवशीच कसे पडले?

तू त्या दिवशी म्हणालीस ना, की दर काढताना खालचा आकडा, म्हणजे छेद, आधी नीट ठरवायचा. आमचा छेदच लाजाळू होता.

तो कुठे दडलाय ते मला स्वयंपाकघरात कळलं. जावेच्या फळीवर स्टीलचे डबे उतरत्या मापाने लावलेले असतात, प्रत्येक झाकणावर तिचं नाव कोरलेलं. परीक्षेच्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं फेऱ्या घातल्यामुळे रांगेतली रिकामी जागा माझ्या डोळ्यांना लगेच टोचते. मधले डबे नव्हते.

"डबे कुठं गेले गं?" मी विचारलं.

तिने भाकरी उलटली. "असतील हितंच."

"मागच्या दारानं गेले ना? पौर्णिमेला?"

तिने चुलीतलं जळण आत सारलं. मग म्हणाली, "नावं इचारू नका, अक्का. मी शबूद दिलाय."

तेव्हा मला उलगडलं. वरच्या गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी, खुरपणीतल्या, संघातल्या, पंगतीला येऊ शकत नव्हत्या म्हणून ती दरवर्षी मागच्या दाराने खिरीचे डबे देत होती. घरोघरी पदराखालून पोचवत होती. आणि आता गावभर तिच्या खिरीची नालस्ती चाललेली असताना त्यांतली एकही तोंड उघडत नव्हती, आणि ही त्यांच्यासाठी गप्प होती.

"आणि बिस्किटाचे पुडे?" मी म्हटलं.

"वाटू द्या बिस्किटं," ती म्हणाली, आणि पुढची भाकरी इतकी जोरात थापली की तिचा काठच फाटला.

मी तिला नावं विचारली नाहीत. मला ती नको होती. मला फक्त एवढं हवं होतं, की खीर कधी आणि कशी खाल्ली. पण "खीर खाल्ली का" ह्या प्रश्नाला त्या गल्लीत एकच उत्तर होतं. म्हणून मी प्रश्न बदलला. दुसऱ्या दिवशी जाऊ रानात गेल्यावर मी वरच्या गल्लीत गेले आणि घरोघर डबे मागायला लागले.

दिलेला डबा मागायला जायचं नसतं, हे मला कळतं. तुमच्या पणजीने बघितलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. पण दुसरीही एक रीत आहे, आणि माझी सगळी मदार तिच्यावर होती: आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. मूठभर का होईना, घरातलं काहीतरी घालूनच द्यायचा. म्हणजे जिच्याकडे डबा होता, तिला "आमच्याकडे नाही" म्हणून दार लावता येत नव्हतं, कारण कोरलेल्या नावाचा डबा उद्या कुणाच्या तरी नजरेला पडणारच. आणि तो द्यायचा तर आत काहीतरी भरायला हवं, आणि भरेपर्यंत मी ओट्यावर बसून बोलणार. मी शिस्तीची बाई असल्यामुळे आजारी घरांबरोबर चार बऱ्या घरांतही मागितले, ताडून बघायला. तिथल्या एकीने मला चांगलंच सुनावलं, की आमच्या घरात काय डब्यांचा दुष्काळ पडलाय का. खरा नकार कसा असतो ते मी नीट ऐकून ठेवलं.

सगळ्यांत शेवटी पाटलिणीकडे गेले. ती आणि मी एकाच वर्षी ह्या गावात लग्न होऊन आलो. रोज सकाळी दुधाच्या डेअरीवर आमची भेट होते आणि रोज आम्ही कशावरून तरी हुज्जत घालतो. त्या आठवड्यात ती डेअरीवर आलेली नव्हती. ऊन लागलं होतं.

"डबा?" ती म्हणाली. "आमच्या घरात इहारातला डबा कशाला यील, बाई?"

मी म्हटलं, विहारातला नाही, माझ्या जावेचा. पाहुणे यायचेत, डबे कमी पडतात.

तिने मान वळवून जिन्याकडे बघितलं. सून गच्चीवर पापड वाळत घालत होती. पाटलीण उठली, आत गेली. बराच वेळ डाळ ओतल्याचा आवाज येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा हातात जावेचा सगळ्यांत मोठा डबा होता, तुरीच्या डाळीने गच्च भरलेला. खोटं बोलणं तिला चाललं असतं, रिकामा डबा चालला नसता.

"नवी डाळ हाय," ती म्हणाली. "जल्दी शिजती."

"आणि खीर कशी झाली होती?"

"घट झालती."

"म्हणजे त्याच दिवशी नाही खाल्ली?"

"दुसऱ्या दिशी दुपारी. मानसं रानात गेल्यावर. त्याच्या आदी कवा खाऊ?"

"तोवर ठेवली कुठं?"

"वाकळीत."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण नाही. हिवाळ्यात पांघरायच्या वाकळींची चवड असते ना पेटीवर, तिच्या मधल्या घडीत डबा खुपसून ठेवला होता. वैशाखात. "घरात एवढा मोठा फ्रीज असून?"

"फिरीज सुनंचा हाय, बाई. त्यात काय ठिवलं की ती इचारती, हे कुटलं."

"आंबूस लागली नाही?"

"लागली की. म्हनून गरम केली अन् वरनं साखर घातली." मग तिने पदर सावरला. "हे तुमी कुनाकुनाला सांगनार हाव?"

मी सांगितलं, नाव कुणालाच नाही. परातीत एक दाणा सरकवणार, एवढंच.

इतर घरांतही अशाच जागा निघाल्या. एकीने डबा ज्वारीच्या कणगीत पुरला होता, एकीने चुलीमागच्या दुरडीखाली झाकला होता. जिथे उबदार आणि कुणी हात घालणार नाही, तिथे तिथे खीर रात्रभर मुक्कामाला होती. फक्त एका घरची गोष्ट वेगळी. त्या बाईला दम निघाला नाही. डबा आल्याआल्या गोठ्यात उभ्याउभ्याच तिने आणि तिच्या लेकींनी तो संपवला, हात म्हशीच्या पाठीला पुसले. त्या घरात कुणालाच काही झालं नव्हतं. त्यांच्यासाठी गहू टाकताना मला जो आनंद झाला, तो तुम्हाला तुमच्या परीक्षेच्या निकालानेही झाला नसेल.

आता परात स्वच्छ बोलत होती. गरम खाल्लेले, मग पंगतीत असोत की गोठ्यात, सगळे बरे. लपवून दुसऱ्या दिवशी खाल्लेले जवळजवळ सगळे आजारी. डॉक्टरने मला समजावलं, की तांदळात काही जंतू बियाणासारखे झोपलेले असतात. उकळूनही ते सगळे मरत नाहीत. गरमागरम अन्नात ते गप्प पडून राहतात, ते कोमट झालं की उगवतात, आणि त्यांनी एकदा विष सोडलं की पुन्हा गरम करून काही उपयोग नसतो. मी म्हटलं, म्हणजे त्यांना वाफसा लागतो, पेरलेलं उगवायला जमिनीत लागते तशी बेताची ओल आणि ऊब. हा शब्द त्याला कन्नडमध्ये समजावून सांगितला, तर त्याने तो फार आवडल्यासारखी मान हलवली. वैशाखातली वाकळ म्हणजे उत्तम वाफसा.

त्याने वर कळवलं, की शिजवलेलं अन्न उबेत फार वेळ ठेवल्याने बाधा झाली, स्वयंपाकात दोष नाही. नाव कुणाचंच नव्हतं. आणि पंचायतीच्या भोंग्यावरून कन्नड आणि मराठीत सांगायला लावलं: खीर असो की भात, गरम असताना जागेवरच खावा, डब्यात घालून नेऊ नये.

मी डबे आणले त्याच संध्याकाळी जाऊ रानातून आली. फळीवर सगळे डबे परत रांगेत होते. तिने एकेक झाकण उघडून बघितलं. डाळ, मूग, शेंगदाण्याची चटणी, एकात नुसती चार लिंबं.

"तुमी गेलताव व्हय वर?"

"डबे आणायला गेले होते."

"नावं?"

"नाही सांगितली. सांगणारही नाही."

ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. पण तिसऱ्या दिवशी पाटलिणीची डाळ शिजवली आणि माझ्या ताटात तूप जरा जास्त पडलं. डेग मात्र न्हाणीमागे पालथीच होती. मुलगा म्हणाला, आई, डॉक्टरनं तुझं नाव मोकळं केलंय, आता कामून रुसलीस? ती म्हणाली, खीर करीन, पण मागचं दार आता बंद. भोंग्यावरून सांगितलंय डबा द्यायचा नाही. मला कळत होतं, तिला कशाची चुटपुट होती. तिची खीर निर्दोष सुटली होती आणि तिच्या मैत्रिणींना कायमची बंद झाली होती. अर्धी खीर ती त्यांच्यासाठीच ढवळायची.

ह्या वर्षी पौर्णिमेला तिने डेग सरळ केली. पहाटेपासून ढवळत होती, पण खिरीकडे कमी आणि वरच्या वाटेकडे जास्त बघत होती. पंगत बसली, वाट्या मांडल्या गेल्या, आणि फाटकात काठीचा आवाज झाला. पाटलीण उभी होती. तिचा हात धरून तिची सून, तीच, फ्रीजवाली. सगळी पंगत वळून बघायला लागली. पाटलिणीने आवाज चढवला, म्हणजे शेवटच्या पानापर्यंत पोचेल.

"मला काय खिरीची हौस न्हाई आली. डॉक्टरनं सांगितलंय, गरम हाय तवर, जागंवर बसूनच खायाची."

आणि ती मांडी घालून बसली, माझ्या शेजारी. थोड्या वेळाने आणखी एक आली, मग तिच्यामागे दोघी. सगळ्यांना डॉक्टरने सांगितलेलं होतं. गोठ्यातली तर तिन्ही लेकींना घेऊन आली. तिला तसं डॉक्टरने काहीच सांगायची गरज नव्हती.

जाऊ डाव घेऊन रांगेतून आली. पाटलिणीला वाढलं. पाटलिणीने फुंकर न घालता पहिला घास घेतला, जीभ भाजली, पण तोंड वाकडं केलं नाही. वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढे सरकवली.

"दोन वाट्या सांगितल्यात व्हय डॉक्टरनं?" जावेने विचारलं.

"त्यो काय सांगतोय," पाटलीण म्हणाली. "त्यानं कुटं खाल्लीय तुझी खीर. वाढ."

दुसऱ्या दिवशी आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मी आशाबरोबर पुन्हा गावभर फिरले. ह्या खेपेला कुणी खाल्ली हे विचारावं लागलं नाही, सगळ्यांनी बघितलं होतं. परातीत गहूच गहू. एकच तुरीचा दाणा, मिरची-भजीवाल्यांचा, तो मी ह्याही वर्षी बाहेर काढला. जावेने परात उचलून सगळे दाणे कोंबड्यांना टाकले. मग डेग घासली, उन्हात वाळवली, आतून तेलाचा हात फिरवला, आणि माळ्यावर चढवायला मला शिडी धरायला लावली.